मॉडेलचा टायर काळा की राखाडी? वादामागची पार्श्वभूमी

गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती, म्हणजे मॉडेल, रंगवणाऱ्यांमध्ये टायर शुद्ध काळा करायचा की राखाडी, हा जुना वाद आहे. खऱ्या गाड्यांचे सुरुवातीचे टायर मळकट पांढरे असत. झीज कमी व्हावी म्हणून 1910 च्या दशकापासून रबरात कार्बन ब्लॅक मिसळू लागले आणि टायर काळा झाला. 1950 च्या दशकात सुटे भाग जोडून मॉडेल बनवायची प्लॅस्टिकची किट पसरली. पुढे अनेक किटमध्ये मऊ व्हिनाइलचे काळे टायर तयारच मिळू लागले, त्यामुळे ते रंगवायचा प्रश्न फारसा येत नसे. मात्र त्यातलं प्लॅस्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारं रसायन) बाहेर येऊन रिमचं प्लॅस्टिक खाई आणि एनॅमल रंग अशा टायरवर न वाळता चिकटच राही. कडक प्लॅस्टिकचे, मग रेझिनचे टायर आल्यावर रंगाचा विचार करणं भागच पडलं.

शुद्ध काळा लावायचा नाही, गडद राखाडी लावायचा, हा नियम तेव्हा रुळला. कारण असं दिलं जाई: 1:35 चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढं, मॉडेल 30 सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरी गाडी साडेदहा मीटरवरून पाहणं, आणि अंतराने रंग फिकट होतो. हे कारण मला कधीच पटलं नाही. दहा मीटरच्या हवेने टायरचा रंग बदलत नाही. नियम मात्र बरोबर आहे. पहिलाच हात शुद्ध काळा मारला तर खाचांमधली सावली दाखवायला त्याहून गडद काही उरत नाही. शिवाय उन्हात राहिलेलं रबर खरंच राखाडी पडतं, आणि ओझोनपासून बचावासाठी घातलेली रसायनं पृष्ठभागावर येऊन तपकिरी झाक देतात.

मराठवाड्यातली वाहनं करायला घेतली की हाच नियम अडतो. मॉडेलवर धुळीच्या छटा कशा द्यायच्या याचे बरेचसे धडे तपकिरी चिखलावर बेतलेले आहेत. आपली काळी माती ओली असताना जवळपास टायरच्याच रंगाची असते आणि वाळली की राखाडी होते. राखाडी टायरवर ती लावली तर उसाच्या ट्रॉलीची चाकं सपाट दिसतात, चिखल कुठला आणि रबर कुठलं ते कळत नाही. म्हणून इथे पहिला हात किंचित तपकिरीकडे झुकलेला हवा. वाळलेली माती खाचांत, मुरमाचा तांबूस फुफाटा साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भागावर), आणि डांबरी रस्त्याला टेकणारा भाग घासून स्वच्छ. पाण्याच्या टँकरला वेगळी वागणूक लागते: गळतीचे ओघळ धूळ धुऊन काढतात, तिथे रबर पुन्हा काळं दिसतं.

अलीकडे शेतातली खरी माती वापरण्याची टूम आहे. फडक्यातून गाळली तरी 0.1 मिलिमीटरचा कण 1:35 मध्ये साडेतीन मिलिमीटरच्या खड्याएवढा होतो. त्यात काळी माती पाण्याने फुगते, वाळताना आकसते आणि पाण्यात कालवलेल्या गोंदासकट तडकून निघते. मातीचं ढेकूळ रंग जुळवायला शेजारी ठेवावं आणि टायरवर बारीक दळलेलं पिगमेंट (रंगाची पूड) किंवा किसलेला सुका पेस्टल खडूच लावावा.