अनडिफाइन्ड रेफरन्स

सी आणि सी प्लस प्लस या भाषांतील प्रोग्रॅम तयार होताना येणारी एक त्रुटी. प्रोग्रॅमने लायब्ररीतले (तयार कोडच्या संचातले) फंक्शन कॉल केले, पण त्याचा प्रत्यक्ष कोड लिंकरला (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला) कुठेच सापडला नाही, की हा संदेश उमटतो. मायक्रोसॉफ्टच्या साधनांत हीच त्रुटी 'एलएनके२०१९' या क्रमांकाने येते. वर्गात तिला सरसकट 'कंपायलर एरर' म्हणतात. वास्तविक ती येते तेव्हा त्या फाइलपुरते कंपायलरचे (कोड यंत्रभाषेत उतरवणाऱ्या साधनाचे) काम बिनतक्रार संपलेले असते, त्यामुळे कोडची ओळ न् ओळ तपासूनही हाती काही लागत नाही.

कंपायलरला फंक्शनचा कोड लागतच नाही, फक्त घोषणा पुरते: नाव काय, काय घेते, काय परत देते. ही घोषणा हेडर फाइलमध्ये असते. हेडर म्हणजे हॉटेलातला दरफलक. फलकावर मिसळ लिहिली म्हणून भटारखान्यात ती शिजली असेलच असे नाही. हेडर सापडले नाही तर कंपायलर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणून तिथेच थांबतो. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर अशा वेळी बहुधा त्या लायब्ररीचे हेडर देणारे '-डेव्ह' पॅकेज घालायचे राहिलेले असते. हेडर जोडायलाच विसरल्यास 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' ही तक्रार येते. सी भाषेच्या १९९९च्या मानकाने घोषणेशिवाय कॉल करण्याची मुभा काढून घेतली, तरी जीसीसी कंपायलर पुढे कितीतरी वर्षे केवळ इशारा देऊन पुढे जात असे. २०२४मध्ये आलेल्या जीसीसी १४पासून ती थेट त्रुटी झाली.

नेहमीचे उदाहरण वर्गमूळ काढणाऱ्या 'एसक्यूआरटी'चे. 'मॅथ.एच' जोडले, कंपायलर खूश, आणि लिनक्सवर लिंकर अडतो, कारण गणिताची फंक्शने 'लिबएम' या वेगळ्या लायब्ररीत आहेत आणि तिच्यासाठी आज्ञेत '-एलएम' लिहावे लागते. गंमत अशी, की कंसात थेट २.० लिहिले तर बरेचदा '-एलएम'शिवायही काम भागते: जीसीसी ते उत्तर स्वतःच काढून ठेवतो, फंक्शन कॉल होतच नाही. २.०च्या जागी वापरकर्त्याने दिलेली संख्या आली की तोच प्रोग्रॅम लिंक होताना अडतो. 'काल चालत होता' ही तक्रार अशी खरी असू शकते.

'-एलएम' कुठे लिहिले यालाही महत्त्व आहे. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि स्टॅटिक (प्रोग्रॅममध्येच कोड उतरवणाऱ्या) लायब्ररीतून तोवर मागणी आलेलेच भाग उचलतो. लायब्ररी आधी आणि प्रोग्रॅमची फाइल नंतर दिली, तर लायब्ररी वाचताना मागणीच नसते आणि सगळे मागे राहते. उबुंटूने ११.१० या आवृत्तीपासून लिंकरचे नेहमीचे वर्तन बदलल्यावर शेअर्ड (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या) लायब्ररींनाही हाच क्रम लागू झाला, आणि जुन्या मेकफाइली (प्रोग्रॅम बांधण्याच्या आज्ञांच्या फाइली) एकाएकी मोडल्या.

सी प्लस प्लसमध्ये गुंता वाढतो. एकाच नावाची अनेक फंक्शने चालत असल्याने कंपायलर नावातच पॅरामीटरचे (फंक्शन घेते त्या मूल्यांचे) प्रकार गुंफतो. दोन पूर्णांक घेणारे 'ॲड' जीसीसीत '_झेड३ॲडआयआय' होते: ३ म्हणजे मूळ नावातली रोमन अक्षरे, दोन 'आय' म्हणजे दोन इंट. सी मध्ये बांधलेल्या लायब्ररीत मात्र नाव साधे 'ॲड'च असते, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. उपाय म्हणजे घोषणा 'एक्स्टर्न सी'च्या कंसात घालणे, म्हणजे कंपायलर नाव साधेच ठेवतो.

महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत सी शिकवण्यासाठी बोरलँडचे टर्बो सी दीर्घकाळ वापरात होते. तिथे ग्राफिक्स सुरू करणाऱ्या 'इनिटग्राफ'साठी 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' आले, की लिंकरच्या पर्यायांत ग्राफिक्स लायब्ररीवर खूण करावी लागे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतला, पडदा पुसणारा 'क्लिअरस्क्रीन'चा कॉल पुढे लिनक्सवर नेणाऱ्यांना आधी त्याचे 'कोनिओ.एच' हे हेडर मिळत नाही. ती ओळ खोडली तरी फंक्शन कुठून येणार हा प्रश्न उरतोच.

संदेशाची शेवटची ओळ, 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस', बहुतेक जण तीच शोधयंत्रात टाकतात. तिच्यात लिंकर (एलडी) अपयशी ठरला यापलीकडे माहिती नसते. हरवलेले नाव वरच्या ओळीत असते. ते घेऊन लायब्ररीवर तिच्यातल्या नावांची यादी दाखवणारी 'एनएम' ही आज्ञा चालवावी. नावाच्या आधी 'टी' असेल तर कोड तिथे आहे आणि चूक जोडणीची किंवा क्रमाची. 'यू' असेल तर ती लायब्ररी स्वतःच ते दुसरीकडून मागते आहे. नाव ओळखीचे पण प्रकार निराळे दिसले, तर हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असण्याची शक्यता मोठी. संदेशात 'सीएक्सएक्स११' हे अक्षरगट दिसल्यास २०१५च्या जीसीसी ५ने स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली ते आठवावे: लायब्ररी जुन्या रचनेने बांधली असेल, तर ती नव्याने बांधावी लागते.