मे महिन्यात कळसूबाई चढताना

कळसूबाई 1646 मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून निघालं की साधारण आठशे मीटर चढायचं असतं. दम लागला की बरेच जण विरळ हवेला दोष देतात. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 82 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि धडधाकट माणसाला तेवढ्याने फारसं काही होत नाही. उन्हाळ्यात इथे माणूस आडवा होतो तो उष्णतेने. त्यातली बरीचशी त्याच्याच स्नायूंनी तयार केलेली असते.

हिशेब करून बघू. पाठीवरच्या सॅकसकट 70 किलो वजन 800 मीटर वर न्यायला सुमारे 550 किलोज्यूल ऊर्जा लागते. पण स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतात, बाकीच्या तीन हिश्शांची उष्णता होते. म्हणजे सुमारे 1650 किलोज्यूल. ती सगळी अंगातच राहिली, तर शरीराचं तापमान सातेक अंशांनी वाढेल, आणि एवढ्या तापात माणूस जगत नाही.

वाचवतो तो घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे नुसत्या चढाईसाठी पाऊण लिटरच्या आसपास घाम हवा. डोक्यावरचं ऊन आणि तापलेला काळा कातळ यांचा भार वेगळाच. हवा 35 अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम होते. मग अंगाची उष्णता घेण्याऐवजी तीच आपल्याला तापवू लागते आणि सगळी भिस्त घामावर येते. तोही वाळला तरच उपयोगी. हनुवटीवरून टपटप गळून गेलेल्या घामाने अंग निवत नाही. म्हणून वारा नसलेल्या घळीत, दमट हवेत जीव जास्त कासावीस होतो.

घामाबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-सरबत घोटघोट पीत राहणं उत्तम. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर त्याला थकवा समजू नका. उष्माघात असू शकतो. त्याला लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मदत बोलवा.

वाटेतल्या लोखंडी शिड्यांचे कठडे दहा वाजताच हाताला चटका देतात. शेजारचा दगडही तितकाच तापलेला असला तरी लोखंड उष्णता भराभर हातात सोडतं, म्हणून तेच जास्त पोळतं.

माथ्यावर देवीच्या देवळापाशी मात्र बारीपेक्षा सहा-आठ अंशांनी गार लागतं. वर चढणारी हवा कमी दाबात प्रसरण पावते आणि थंड होते, कोरडी असेल तर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी. वाऱ्याने घाम झटकन वाळतो, तहान जाणवत नाही, आणि इथेच लोक पाणी प्यायचं विसरतात. अतिनील किरणं तर उंचीबरोबर वाढतात, दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के.

पहाटे निघावं असं मी आग्रहाने सांगतो त्याला आणखी एक कारण आहे. तापलेली हवा दुपारी वर चढून ढग उभे करते आणि वळीव कोसळतो. वीज बहुधा उंच, उघड्या जागी पडते, आणि कळसूबाईचा माथा तर आसपासच्या सगळ्या डोंगरांहून उंच. लांबून गडगडाट ऐकू येत असेल, तर वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. ढग जमताना दिसले की गडगडाटाची वाट न पाहता शिड्या उतरून खाली यावं.