टाचेवर न वितळणारं भिरंडेल

मे महिन्यात, पुरुमेंताच्या म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीत, गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलांच्या (कोकमाच्या वाळवलेल्या सालींच्या) शेजारी भिरंडेलाचे, म्हणजे भिरंडाच्या (कोकमाच्या) बियांच्या तुपाचे, पांढुरके गोळे दिसतात. मुठीत दाबून वळलेले, म्हणून सिंधुदुर्गात त्यांना मुठेल म्हणतात. महागड्या डबीत शिरलं की तेच ‘कोकम बटर’!

सोलांसाठी साल घेतली की बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर वाटून पाण्यात उकळायचा. वर तरंगणारं तूप निवलं की वळायचं.

आजी या गोळ्याचा तुकडा पळीत घालून दिव्यावर धरायची आणि कोमट झाला की टाचेच्या भेगांत भरायची. तसाच का चोळत नाही, हे मी कधी विचारलं नाही. भिरंडेल वितळायला साधारण 40 अंश सेल्सियस लागतात आणि आपली त्वचा वरून असते 32-33 अंशांची. खोबरेल 24-25 अंशांनाच पातळ होतं.

हा कडकपणा येतो स्टिअरिक या मेदाम्लातून. भिरंडेलात ते निम्म्याहून जास्त असतं. 18 कार्बनची त्याची साखळी सरळ असते. उरलेलं बहुतेक ओलिइक. त्यातही 18च कार्बन, पण मध्ये एका दुहेरी बंधामुळे आलेला बाक. तीन आम्लं जोडून बनलेल्या बहुतेक रेणूंत दोन्ही टोकांना स्टिअरिक आणि मधोमध ओलिइक अशी मांडणी असल्याने ते एकमेकांवर नीट रचले जातात. कोको बटरची ठेवण अशीच. म्हणून युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमात चॉकलेटमध्ये 5 टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पती चरब्यांत आमचं भिरंडेलही आहे.

तळपायाला तैलग्रंथी नसतातच. तिथल्या जाड, मृत थरातलं पाणी उडालं की तो ताठरतो आणि अंगाच्या भाराने तडकतो. कोमट भिरंडेल भेगेत उतरतं, तिथेच घट्ट होतं आणि पाणी उडणं मंदावतं. ‘पोषण’ वगैरे जाहिरातीची भाषा. भेग भरून काढते ती त्वचाच.

चेहऱ्याची गोष्ट वेगळी; तिथे तेलात कोणतं आम्ल आहे हे बघावं लागतं. 1929 मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दाम्पत्याने उंदरांना चरबीविना आहार दिला, तर त्यांच्या कातडीला खवले आले. पुढे कळलं की कमी पडलं होतं ते लिनोलिइक आम्ल. त्वचेतलं पाणी धरून ठेवणाऱ्या सिरॅमाइड या स्निग्ध रेणूंच्या घडणीत ते लागतं. सूर्यफूल, करडई यांच्या तेलांत ते भरपूर असतं, भिरंडेलात नावापुरतं. उलट ओलिइकने भरलेलं ऑलिव्ह तेल त्वचेचा पाणी अडवणारा हा थर सैल करतं, तरी बाळाच्या मालिशीसाठी लोक ते हौसेने आणतात. मी तरी आणणार नाही.

लिनोलिइकमध्ये मात्र दोन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन तिथेच घुसतो. करडईचं तेल उघडं राहिलं तर खवट होतं. आजीचा गोळा पत्र्याच्या डब्यात पुढची भिरंडं पिकेपर्यंत टिकायचा.