चांदणी लावायची की नाही, हा वाद आजचा नाही

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारची उपासना संपली होती, चर्चच्या आवारात कडुनिंबाखाली सतरंजी टाकून पाचसहा जण बसले होते. आमच्या मंडळीतले एक म्हातारे, सगळे त्यांना आबाजीच म्हणतात, ते दरवर्षीसारखे नाताळच्या चांदणीसाठी बांबूच्या कमच्या सोलत होते. पाच टोकांची चांदणी, वरून पतंगाचा कागद, मैद्याच्या खळीने चिकटवलेला, आत बल्ब. तेवढ्यात नागपूरला नोकरीला असलेला एक पोरगा आला, फोनमधे काहीतरी काढलं आणि म्हणाला, "आबाजी, पंचवीस डिसेंबर बायबलात कुठं लिहिलं हाय ते दाखवा मले. हा सूर्याचा सण हाय, आपण काहून करतो?" आबाजींनी हातातला विळा खाली ठेवला. म्हणाले, "तारीख नसन लिहिली बाप्पा, पण गव्हान तं लिहिली हाय ना."

त्यावरून जे पेटलं ते दुपारपर्यंत चाललं. काहींचं म्हणणं की पोरगं बिघडलं, काहींचं की पोरगं बरोबर बोलतं, आणि एकदोघांचं की हे सगळं यूट्यूबमुळे आलं. मला हे शेवटचं पटत नाही म्हणून हे लिहितोय. हा वाद सणाइतकाच जुना आहे आणि आपल्या विदर्भात तर तो मिशनऱ्यांच्या सामानातूनच आलेला आहे, फक्त आपल्याला कोणी सांगितलं नाही.

मुळात येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलातल्या चार पुस्तकांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, जन्माची गोष्ट दोनच सांगतात, मत्तय आणि लूक. मार्क थेट बाप्तिस्म्यापासून सुरू करतो, आणि योहान तर गव्हाण, मेंढपाळ काहीच न सांगता एवढंच म्हणतो की शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. तारीख कुठेच नाही. पहिल्या दोनअडीचशे वर्षांत मंडळीचा मोठा सण म्हणजे पुनरुत्थानाचा, जन्मदिवसाचं कोणाला फार पडलेलं नव्हतं. तिसऱ्या शतकातला ओरिजेन नावाचा मोठा विद्वान तर लिहून गेला की शास्त्रात वाढदिवस साजरे करतात ते फारो आणि हेरोदासारखे लोक, संत नाही. म्हणजे नागपूरहून आलेल्या आमच्या पोराच्या बाजूने बोलणारा माणूस अठराशे वर्षांपूर्वीच होऊन गेला.

पंचवीस डिसेंबरचा पहिला पक्का उल्लेख रोममधला आहे. इ.स. ३५४ च्या एका पंचांगवजा ग्रंथात एक यादी आहे, ती ३३६ च्या सुमाराची मानतात, त्यात ख्रिस्त यहूदियातल्या बेथलेहेमात जन्मला हे या तारखेला नोंदलेलं आहे. पूर्वेकडच्या मंडळ्या सहा जानेवारी पाळत होत्या, आर्मेनियन चर्च आजही तीच पाळतं. पूर्वेकडच्या अंत्युखिया शहरात ३८६ साली योहान ख्रिसोस्तोम हा उपदेशक आपल्या लोकांना समजावून सांगतोय की बाबांनो, ही पंचवीसची तारीख आपल्याकडे येऊन दहा वर्षंही झाली नाहीत पण ती खरी आहे. म्हणजे तेव्हाही लोक कुरकुरत होते.

आता सूर्याचं. रोमचा बादशहा ऑरेलियन याने २७४ मधे अजिंक्य सूर्याचं देऊळ बांधलं हे खरं आहे, आणि हिवाळ्यात दिवस मोठा व्हायला लागतो तेव्हाचा हा सण हेही खरं. पण ख्रिस्ती लोकांनी सूर्याचा सण ढापला असं सरळ सांगणारा मजकूर बराच उशिराचा आहे, बाराव्या शतकातला. दुसरा हिशोब असा की जुन्या लोकांची समजूत होती, प्रभू ज्या तारखेला वधस्तंभावर गेला त्याच तारखेला तो आईच्या पोटात आला. ती तारीख त्यांनी धरली २५ मार्च, त्यात नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर येते. पूर्वेत तीच तारीख ६ एप्रिल धरली होती, तिच्यात नऊ महिने मिळवले की ६ जानेवारी. ऑगस्टीन नावाच्या जुन्या बिशपने हा मार्चचा हिशोब स्वतः लिहून ठेवलाय. मला हा हिशोब जास्त पटतो, कारण दोन्ही तारखा त्यातून सुटतात. पण म्हणून सूर्याची भीती खोटी होती असं नाही. पाचव्या शतकात लिओ नावाचे पोप चिडून सांगताहेत की लोक पेत्राच्या चर्चच्या पायऱ्या चढता चढता मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात, आणि ऑगस्टीनही बजावतो की हा दिवस सूर्यासाठी नाही, सूर्य ज्याने केला त्याच्यासाठी पाळा. तेव्हा आमच्या पोराची काळजी ही मंडळीच्या बापजाद्यांचीच काळजी आहे.

आबाजींच्या गव्हाणीकडे येतो, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. लूक म्हणतो बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. आपण लहानपणापासून नाटकात एक हॉटेलवाला पाहतो जो दार लावून घेतो. तो हॉटेलवाला शास्त्रात नाही. उतारशाळा म्हणून आपण जे वाचतो त्याला मूळ ग्रीकमधे काटालूमा म्हटलंय आणि लूकच पुढे हाच शब्द शेवटच्या भोजनाच्या माडीवरच्या खोलीसाठी वापरतो, तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला ज्या धर्मशाळेत नेतात तिच्यासाठी वेगळाच शब्द आहे. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की इथे अर्थ पाहुण्यांची खोली असा असावा, नातेवाइकांचं घर भरलेलं, म्हणून बाळ खाली जिथे जनावरं बांधतात त्या भागात. त्या मुलखात गरिबाच्या घरात माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली असायची. आपल्या गावात हे समजवायला काही लागतच नाही. ज्याने कोठ्याला लागून असलेल्या खोलीत रात्र काढली, गाईचा श्वास ऐकला, कडब्याचा वास घेतला, पावसाळ्यात गव्हाणीत पोरगं निजवलं कारण खाली ओल होती, त्याला लूकने काय लिहिलं ते लगेच कळतं.

मेंढपाळांचंही तसंच. डिसेंबरच्या थंडीत मेंढपाळ रानात कसे असतील म्हणून तारीख खोटी, हा मुद्दा हमखास येतो. बेथलेहेमची थंडी वेगळी, त्यावर मी वाद घालत नाही. पण आपल्याकडे थंडीतही धनगर शेतात मेंढ्या बसवतात आणि कांबळं पांघरून तिथेच शेकोटीशी रात्र काढतात, तेव्हा नुसत्या थंडीवर हा मुद्दा उभा राहत नाही.

गव्हाण चर्चमधे आणली ती असिसीच्या फ्रान्सिसने. १२२३ साली इटलीत ग्रेच्यो गावी त्याने खरा चारा, खरा बैल आणि गाढव आणून मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, करवली. लोकांना जन्माची गरिबी डोळ्यांनी दिसावी हा त्याचा हेतू. बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत बरं का, ते जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातून आलेत, बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढवाला मालकाची गव्हाण कळते पण माझ्या लोकांना कळत नाही, असं ते वचन आहे. पोळ्याच्या मुलखातल्या माणसाने ते एकदा शांतपणे वाचावं.

मग सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणा आली, म्हणजे प्रोटेस्टंट लोक पोपच्या चर्चपासून वेगळे झाले, आणि वाद खरा तापला. जर्मनीतला सुधारक ल्यूथर याने नाताळ ठेवला, त्याला तो आवडायचा. पण स्कॉटलंडमधे १५६० ला जी सुधारणा झाली तिने सांगितलं की शास्त्रात आज्ञा नाही तो सण नाही, आणि नाताळ काढूनच टाकला. इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, लोकांचंही तेच म्हणणं. त्यांचा राग तीन गोष्टींवर. एक, शास्त्रात नाही. दोन, क्रिसमस या नावातच मास म्हणजे मिस्सा आहे. तीन, बारा दिवस लोक दारू पितात, जुगार खेळतात आणि नाव प्रभूचं लावतात. १६४७ मधे तिथल्या संसदेने नाताळ, ईस्टर सगळे सण बंद केले, त्याबदली नोकरांना आणि शिकाऊ पोरांना महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सुट्टी दिली. लोकांनी ऐकलं नाही, त्याच डिसेंबरात कॅन्टरबरीला दंगल झाली. १६६० ला राजेशाही परत आली तेव्हा सण परत आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला १६५९ मधे कायदा झाला, नाताळ पाळताना सापडला तर पाच शिलिंग दंड, तो १६८१ ला उठला. आणि स्कॉटलंडात नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली थेट १९५८ ला!

हे सगळं परदेशातलं आहे, आपला काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे आणि तो मला कळला तेव्हा मी थक्क झालो. नागपुरात १८४५ ला जे स्टीफन हिस्लॉप आले, ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. म्हणजे विदर्भात प्रोटेस्टंट शुभवर्तमान आणणाऱ्यांमधे सुरुवातीची मोठी मंडळी अशी, जिच्या घरच्या परंपरेत नाताळ हा सणच नव्हता. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट आले. त्यांच्या नावातलं फ्री म्हणजे चर्चमधली बाकं विकायची किंवा भाड्याने द्यायची नाहीत, गरिबालाही पुढे बसता यावं, आणि गुलामगिरी नको. साधे कपडे, दागिने नको, ही त्यांची शिस्त. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बाया नाताळला नवं लुगडं घेतलं तरी अंगावर सोनं घालत नव्हत्या, ते काहून याचं उत्तर मला इथे सापडलं. वऱ्हाडात अकोल्याकडे अलायन्स मिशन, वाशिम-बुलढाण्याकडे नाझरीन मिशन. दुसरीकडे नागपूर-कामठीला कॅथलिक फादर आधीपासून, त्यांच्याकडे मध्यरात्रीची मिस्सा आणि गव्हाण, नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा. मग एकाच जिल्ह्यात एका गावचे ख्रिस्ती चोवीसच्या रात्री जागायचे आणि दुसऱ्या गावचे पंचवीसला साधी उपासना करून घरी यायचे, यात नवल ते काय.

मराठी नाताळ मात्र गाण्यांनी घडला असं माझं मत आहे. नारायण वामन टिळक १८९३ मधे नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार दिला, १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमधे राहिले. ते मिशन म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या मंडळ्यांनी पाठवलेलं, पाच शिलिंग दंड लावणाऱ्यांचेच पणतू-खापरपणतू! आणि त्याच मिशनच्या अंगणात टिळकांनी अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्ताची गाणी लिहिली, जी आज आपण पेटी-ढोलक घेऊन म्हणतो. नाताळ हा शब्द तर त्याहून लांबून आलाय, पोर्तुगीज नातालवरून, अर्थ साधा, जन्म. त्यात मिस्सा नाही, सूर्य नाही. प्युरिटनांना हा शब्द मिळाला असता तर त्यांचं एक भांडण तरी मिटलं असतं.

नंतर २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच उत्तर भारताचं चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन वगैरे सहा गट एकत्र आले. काहींच्या पंचांगात नाताळ ठळक, काहींच्या घरी तो कधीकाळी बंद. एकत्र येताना कोणी कोणाला सण सोडायला लावला नाही.

सांताक्लॉजचं थोडक्यात सांगतो. चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातला, त्याच्या आठवणीतून डच लोकांकडून हे पात्र अमेरिकेत गेलं आणि एकोणिसाव्या शतकात जाड झालं. लाल झगा कोका-कोलाने दिला म्हणतात ते पूर्ण खरं नाही, लाल कपडे आधीच होते, १९३१ पासूनच्या जाहिरातींनी ते घरोघर नेले. आणि एक्समस लिहिलं म्हणून चिडणाऱ्यांना सांगायचंय, तो एक्स म्हणजे ग्रीक अक्षर खी, ख्रिस्तोस शब्दाचं पहिलं अक्षर, जुने ख्रिस्ती लोक स्वतःच तसं लिहायचे. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात रानातलं झाड तोडून सोन्याचांदीने मढवतात असं आहे, ते ख्रिसमस ट्रीवर लावतात, पण तिथे विषय लाकडाच्या मूर्तीचा आहे.

खरा अर्थ काय यावर आजचे गट पाहिले तर तारखेचं भांडण मला सगळ्यात हलकं वाटतं. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात मोकळीक दिली आहे, कोणी एक दिवस मोठा मानतो, कोणी सगळे सारखे, ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करावी. जड भांडण दुसरं आहे. एक बाजू म्हणते, जन्म हा वधस्तंभाकडे जाण्यासाठी, तारण सांगा, बाकी सोडा. दुसरी म्हणते, येशूची आई मरिया हिचं लूकमधलं गाणं वाचा, त्यात भुकेले तृप्त होतात आणि धनवान रिकाम्या हाताने परत जातात. आमच्याकडे ज्या वर्षी बोंडअळीने कापूस गेला त्या वर्षी उधारीवर कपडे आणणाऱ्या घरांत हे गाणं ऐकायला फार वेगळं लागलं. मला तरी दोन्ही एकाच अध्यायात शेजारी शेजारी दिसतात, आणि वेगळे करायला गेलं की गव्हाण रिकामी होते.

यंदाची मिटिंग नोव्हेंबरातच झाली. वर्गणीतून सांताचा ड्रेस आणायचा नाही हे ठरलं. गाण्याची पार्टी ज्यांना सण पटत नाही त्यांच्याही दारात जाणार, त्यांनी नको म्हटलं तर नुसती प्रार्थना करून पुढे निघायचं, हेही ठरलं, आणि ते नागपूरच्या पोरानेच सुचवलं. चांदणीचं काही ठरलं नाही. आबाजींनी कमच्या सोलून ठेवल्यात.