कांद्याला डेंगळे का येतात?
इंदूरमध्ये अंगणात, गच्चीवर रब्बी कांदा लावणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

फेब्रुवारीत कांद्याच्या वाफ्यात मधूनच एक पोकळ, ताठ दांडा वर येतो आणि टोकाला पांढरा गोंडा धरतो. यालाच डेंगळा म्हणतात. दोष बहुधा बियाण्याला दिला जातो. खरे कारण बऱ्याचदा लावणीची तारीख असते.

कांदा मुळात दोन हंगामांचे झाड. पहिल्या हंगामात गड्डा धरायचा, मधली थंडी काढायची, मग फुलायचे. रोपाची मान पेन्सिलीएवढी जाड झालेली असताना ८ ते १३ अंशांची थंडी काही आठवडे मिळाली, की ते गड्डा पोसायचे सोडून फुलावर येते. तेवढीच थंडी बारीक रोपाला लागली तर काही होत नाही. माळव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अशाच असतात, म्हणून सप्टेंबरात घाईने टाकलेले रोप नेमके अडकते.

बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टाका. रोप ६ ते ८ आठवड्यांचे झाले की डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावा. वाण रब्बीचाच घ्या: एन-२-४-१, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड किंवा भीमा शक्ती. एन-५३ आणि अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड हे खरिपाचे. ते रब्बीत लावले तर डेंगळे आणि जोडकांदे दोन्ही वाढतात. परदेशी पाकिटांतले मोठ्या दिवसाचे (गड्डा धरायला लांब दिवस लागणारे) वाण इथे नुसती पात देतात. बी ताजे, त्याच वर्षीचे हवे, कारण कांद्याचे बी वर्षभरातच उगवण गमावू लागते.

लावताना पातीचा वरचा एक तृतीयांश भाग छाटा. दोन ओळींत १५ सेंमी आणि दोन रोपांत १० सेंमी ठेवा. एका चौरस मीटरमध्ये साधारण ६५ रोपे बसतात. मूळ जेमतेम २ सेंमी खाली जावे. खोल पुरलेला कांदा लांबट होतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच वाफा) करा आणि चौरस मीटरला २-३ किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. गच्चीवर पिशवी किमान २० सेंमी खोल हवी.

युरिया लावणीनंतर ३० आणि ४५ दिवसांनी, दर वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅम, ओलाव्यावर. सुरुवातीला नत्र (युरियातून मिळणारे नायट्रोजन) कमी पडले तरी डेंगळे वाढतात. ४५ दिवसांच्या हप्त्यानंतर मात्र युरिया नको: मान जाड राहते आणि कांदा साठवणीत सडतो. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे समजा. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारा.

एवढे करूनही एखादा डेंगळा येतोच. दिसताच तो बुडाशी खुडावा. बी धरण्यात जाणारी ताकद वाचते, पण कांदा पूर्ववत होत नाही. त्याच्या मधोमध टणक दांडा राहतो आणि खुडलेल्या पोकळीतून पाणी आत गेले तर तो आतून कुजतो. म्हणून असे कांदे वेगळे काढा आणि पोह्यांवर, कोशिंबिरीत आधी संपवा. कोवळा दांडा पातीसारखा चिरून झुणक्यात घाला, चांगला लागतो. अशा फुलाचे बी मात्र धरू नका; पुढच्या पिकात डेंगळे जास्त निघतात.

स्वयंपाकघरातला कोंब आलेला कांदा कुंडीत लावणारेही बरेच आहेत. त्याने थंडी आधीच पाहिलेली असेल, तर पात मिळेल, मग फूलच येईल. एका मोठ्या कांद्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

निम्म्या माना आपोआप पडल्या की काढणी. त्याआधी १०-१५ दिवस पाणी तोडा. पातीसकट ३-४ दिवस वाफ्यावरच, एकाची पात दुसऱ्या कांद्यावर येईल असे पसरा; मग मान २-३ सेंमी ठेवून कापा आणि सावलीत १० दिवस सुकवा.