अवयवदानाचा अर्ज: कार्ड तुमचं, सही घरच्यांची

अवयवदानाचं कार्ड काढणं सोपं आहे, म्हणून ते आधी उरकू.

वय १८ पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही. साठी उलटलेले, शुगर-बीपीच्या गोळ्या घेणारेही नोंद करू शकतात. कोणता अवयव चालेल हे डॉक्टर त्या वेळी तपासून ठरवतात. आपणच आपल्याला आधी नापास करायचं कारण नाही. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या, म्हणजे 'नोटो'च्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकला की ओटीपी येतो. आधारला जुना, बंद पडलेला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर घोडं इथेच अडतं. तो आधी बदलून घ्या. मग आपली माहिती, तातडीच्या संपर्कासाठी घरच्या माणसाचा नंबर भरायचा आणि काय काय द्यायचं ते निवडायचं. पैसे लागत नाहीत. कागदावर करायचं असल्यास नमुना ७ भरावा. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक. मन बदललं तर नोंद मागे घेता येते. चौकशीसाठी टोल-फ्री क्रमांक १८००११४७७०.

आता अवघड भाग. कार्ड खिशात असलं तरी प्रत्यक्षात घरच्यांनी 'नको' म्हटलं की विषय तिथेच संपतो. त्या वेळी नमुना ८ वर सही जवळच्या नातेवाइकाची लागते. आणि ती वेळ कशी असते? माणूस आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. छाती वरखाली होतेय, अंग गरम, मॉनिटरवर ठोके दिसतायत, आणि डॉक्टर म्हणतात, 'पेशंट ब्रेनडेड आहे.' कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, कधीच नाही. पण हा फरक पहिल्यांदा तिथे ऐकणाऱ्या बायकोला किंवा मुलाला तो पचणार कसा? म्हणून घरी जेवताना एकदा हा विषय काढाच. माझ्या मते कार्डाहून ते महत्त्वाचं.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे मेंदूमृत्यू एकटा डॉक्टर जाहीर करू शकत नाही. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतं, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यात नसतात. 'अवयवांसाठी लवकर मारतील' ही भीती असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि पोस्टमॉर्टेमचे सोपस्कार असतात. रुग्णालयातला समन्वयक ते जुळवून आणतो. अवयव कोणाला जाणार हे आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्यांच्या, बोलीत 'झेडटीसीसी'च्या, प्रतीक्षायादीवरून ठरतं. नातेवाइकांना त्यात नाव सुचवता येत नाही, आणि अवयव काढण्याचा खर्चही त्यांच्यावर पडत नाही. शरीर टाके घालून नीट परत मिळतं, अंत्यसंस्कार नेहमीसारखे होतात.

मृत्यू घरी झाला तर मूत्रपिंड, यकृत, हृदय देता येत नाही. डोळे मात्र देता येतात, साधारण सहा तासांच्या आत. जवळच्या नेत्रपेढीला लगेच फोन करा. ते येईपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा. देहदान ही वेगळी गोष्ट. त्याचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो.