सामायिक मोटार आणि उपनगरांतील दाट मिश्र वस्ती

सामायिक मोटार म्हणजे एखाद्या संस्थेच्या किंवा कंपनीच्या मालकीची, परंतु सभासदांनी गरजेपुरती, तासाच्या वा अंतराच्या हिशेबाने घेऊन स्वतः चालवायची मोटार. इंधन, विमा, दुरुस्ती आणि पार्किंगचा खर्च तिच्या दरातच धरलेला असतो. शेअर रिक्षा किंवा कारपूल यांत एकाच फेरीतील आसने अनेकांत वाटली जातात. सामायिक मोटारीत गाडीचा दिवस वाटला जातो. ही व्यवस्था कोठे रुजते आणि कोठे मरगळते हे बहुतांशी आजूबाजूच्या वस्तीच्या रचनेवर ठरते. प्रस्तुत नोंदीत उपनगरांतील दाट, मिश्र वापराच्या सदनिका-संकुलांशी असलेल्या तिच्या संबंधाचा विचार केला असून, त्यासाठी मुख्यतः कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मेट्रो व्हँकुव्हर हा प्रदेश घेतला आहे. कारण वस्तीची दाटी, रेल्वे, पार्किंगचे नियम आणि सामायिक मोटार या चारही गोष्टींची सांगड तेथे कायद्याच्या आणि उपविधींच्या पातळीवर घातली गेली.

खाजगी मोटार दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते. ती अनेकांच्या उपयोगी पडायची, तर ते सारे तिच्यापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर राहत असले पाहिजेत. स्वतंत्र बंगल्यांच्या उपनगरात एवढ्या परिघात मोजकी कुटुंबे असतात, आणि दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागत असल्याने त्यांच्या दारात एक-दोन मोटारी आधीच उभ्या असतात. पंचवीस-तीस मजली इमारतींच्या परिसरात त्याच परिघात हजारो माणसे येतात. मात्र केवळ संख्या पुरत नाही. निव्वळ निवासी संकुलात सगळी मागणी शनिवार-रविवारी आणि संध्याकाळी एकवटते. आठवड्याचे पाच दिवस गाडी दिवसभर धूळ खात राहते आणि सुटीच्या दिवशी कोणालाच मिळत नाही. खालच्या मजल्यांवर दुकाने, दवाखाने, कार्यालये असली, तर तीच गाडी दिवसा कार्यालयातील माणसे बैठकीसाठी किंवा सामान पोचवण्यासाठी नेतात आणि संध्याकाळी रहिवासी घेतात. मिश्र वापराचे महत्त्व येथे आहे. तिसरी अट याहून कडक म्हणता येईल: रोजचे कामावर जाणे-येणे या गाडीने होता कामा नये. सकाळी आठला नेलेली आणि संध्याकाळी सहापर्यंत कार्यालयाबाहेर उभी राहिलेली गाडी नेणाऱ्याला परवडत नाही आणि इतरांना मिळत नाही. म्हणून जवळ वारंवार सुटणारी रेल्वे वा बस नसेल, तर सामायिक मोटार आणून ठेवल्याने उपनगराची सवय बदलत नाही. विकासकांच्या माहितीपत्रकांत हा क्रम पुष्कळदा उलटा मांडलेला दिसतो.

या व्यवस्थेचे पहिले ज्ञात उदाहरण १९४८ साली झुरिकमध्ये एका गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या आश्रयाने सुरू झाले. त्या काळी मोटार विकत घेणे सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होते, एवढाच त्यामागचा हेतू. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये १९७४ मध्ये सुरू झालेला विटकार हा लहान विद्युत मोटारींचा प्रयोग काळाच्या फार पुढचा ठरला आणि टिकला नाही. व्यवस्थेला स्थैर्य आले ते १९८७ नंतर, स्वित्झर्लंडमध्ये. तेथे त्या वर्षी निघालेल्या दोन संस्था १९९७ मध्ये एकत्र येऊन ‘मोबिलिटी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या लाल गाड्या रेल्वे स्थानकांच्या शेजारी ठेवण्याची पद्धत पुढे अनेकांनी उचलली. बर्लिनमध्ये १९८८ मध्ये, क्वेबेक शहरात १९९४ मध्ये आणि अमेरिकेतील पोर्टलंड शहरात १९९८ मध्ये ही कल्पना पोचली; झिपकार ही अमेरिकी कंपनी २००० मध्ये निघाली.

व्हँकुव्हरमध्ये १९९७ साली १६ सभासद आणि २ गाड्या एवढ्या भांडवलावर एक सहकारी संस्था सुरू झाली. पुढे तिने ‘मोडो’ हे नाव घेतले. सभासदाने ५०० डॉलरचे, संस्था सोडताना परत मिळणारे, भाग (शेअर) विकत घ्यायचे आणि त्यानंतर वापराप्रमाणे पैसे भरायचे, ही तिची मूळ पद्धत. गाडी जेथून नेली तेथेच परत आणून लावावी लागते. २०१५ मध्ये आलेल्या ‘इव्हो’ या सेवेत मात्र ठरावीक क्षेत्राच्या आत गाडी कोठेही सोडता येते. हा फरक वरवर किरकोळ वाटला तरी उपनगरांच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. कोठेही सोडण्याच्या सेवेला लांब-रुंद, सलग दाट क्षेत्र लागते. नाही तर गाड्या कडेला जाऊन अडकतात आणि त्या परत आणण्याचा खर्च कंपनीवर पडतो. त्यामुळे अशा सेवांची सीमा मध्यवर्ती शहराबाहेर फार दूर जात नाही. ‘कार टू गो’ ही त्याच प्रकारची सेवा २०२० च्या फेब्रुवारीत संपूर्ण उत्तर अमेरिकेतून बंद झाली. दाट वस्ती बेटांसारखी विखुरलेल्या उपनगरांत परतीची, ठरलेल्या जागेची गाडीच टिकते.

ही बेटे आपोआप निर्माण झालेली नाहीत. मेट्रो व्हँकुव्हर हा २१ नगरपालिकांचा मिळून झालेला, २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे २६ लाख वस्तीचा प्रदेश. उत्तरेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला अमेरिकेची सरहद्द आणि १९७३ च्या कायद्याने राखून ठेवलेली शेतजमीन यांमुळे पसरायला वाव थोडा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस चायनाटाउनमधून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाला नागरिकांनी विरोध केला आणि शहराच्या गाभ्यातून असा रस्ता झालाच नाही. १९७५ च्या प्रादेशिक योजनेने उपनगरांत काही ‘नगर-केंद्रे’ ठरवून वाढ तेथे वळवण्याचे धोरण घेतले. १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने स्कायट्रेन या चालकविरहित रेल्वेची पहिली मार्गिका सुरू झाली आणि ती बर्नबी व न्यू वेस्टमिन्स्टर या उपनगरांतून, बऱ्याच अंशी जुन्या आंतरनगरी ट्रामच्या मार्गानेच, धावू लागली. नंतर २००२, २००९ आणि २०१६ मध्ये आणखी मार्ग जोडले गेले.

बर्नबीची लोकसंख्या सुमारे २.५ लाख. तेथील मेट्रोटाउन, ब्रेंटवुड, लॉहीड आणि एडमंड्स ही चार नगर-केंद्रे स्कायट्रेनच्या स्थानकांभोवती वाढली. ब्रेंटवुड येथील मॉल १९६१ मधला, चहूबाजूंनी गाड्यांसाठी मोकळी डांबरी पटांगणे असलेला, म्हणजे अमेरिकी उपनगराचा अस्सल नमुना. आज त्याच पटांगणांवर खाली दुकाने आणि वर सदनिका अशा उंच इमारती उभ्या आहेत. बंगल्यांच्या गल्ल्यांना हात न लावता मॉलच्या पार्किंगवर शहर बांधायचे, हा राजकीयदृष्ट्या सर्वांत सोपा मार्ग होता, कारण पटांगणाच्या वतीने हरकत घेणारा शेजारी नसतो. पोर्ट मूडीतील न्यूपोर्ट व्हिलेजसारखी लहान केंद्रे अधिक आटोपशीर आहेत. तेथे रस्त्यालगत दुकाने आणि वर सदनिका ही रचना रेल्वे येण्यापूर्वीच झालेली होती.

आता पार्किंगचा मुद्दा, कारण सामायिक मोटार या संकुलांत शिरली ती याच वाटेने. उत्तर अमेरिकेतील बहुतेक नगरपालिकांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रत्येक सदनिकेमागे किमान अमुक इतक्या गाड्यांची जागा बांधण्याची सक्ती केली. इमारत उंच आणि जमीन महाग असेल तर ही जागा तळघरात, तीन-चार मजले खाली जाते आणि एकेका गाडीच्या जागेला हजारो डॉलर लागतात. हा खर्च सदनिकेच्या किमतीत मिसळला जातो. ज्याच्याकडे मोटार नाही तोही तो भरतो. अमेरिकी नियोजनतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी अनेक वर्षे हाच मुद्दा मांडला होता. यावर व्हँकुव्हर शहराने तोड काढली: विकासकाने इमारतीत एक सामायिक मोटार आणि तिच्यासाठी जागा दिली, तर पार्किंगच्या ५ जागा माफ. विकासक गाडीची किंमत संस्थेला देतो, संस्था ती चालवते आणि बदल्यात इमारतीच्या रहिवाशांना भाग (शेअर) विकत न घेताही सभासदत्वाचे लाभ मिळतात. उपनगरांतील नगरपालिकांनीही कमी-अधिक फरकाने अशाच सवलती देऊ केल्या. तळघराचा एखादा मजला वाचवण्यापुढे एका गाडीची किंमत क्षुल्लक असल्याने विकासकांना हा सौदा मानवला.

व्यवहारात या सौद्याला बारीक अडचणी आल्या. गाडी तळघरात कुलूपबंद दारामागे ठेवली, तर ती फक्त त्या इमारतीपुरती उरते. शेजारच्या सभासदाला आत शिरता येत नाही. शिवाय तळघरात मोबाइलचे जाळे पोचत नसेल तर फोनवरून दार उघडणे अवघड होते. रस्त्यावरून दिसेल अशी, चोवीस तास खुली जागा विकासकाकडून मिळवणे हे यामुळे संस्थेचे महत्त्वाचे काम होऊन बसले. सवलत मिळवण्यासाठी दूरच्या, बसही तासाला एकदा येणाऱ्या ठिकाणी गाडी दिली गेली तर ती तोट्यात चालते. गाडी देण्याचे कलम मंजुरीच्या कागदावर पूर्ण झाले म्हणजे ती वापरली जाईलच असे नाही.

२०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक विधिमंडळाने केलेल्या कायद्याने चित्र आणखी बदलले. स्कायट्रेन स्थानकापासून ८०० मीटरच्या आणि बस-केंद्रापासून ४०० मीटरच्या आत निवासी पार्किंगची किमान सक्ती, अपंगांसाठीच्या जागा वगळता, रद्द झाली. मेट्रो व्हँकुव्हरमधील स्कायट्रेन स्थानकांपासून २०० मीटरपर्यंत २० मजले व ५ चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्राच्या पाचपट बांधकाम), ४०० मीटरपर्यंत १२ मजले व ४, आणि ८०० मीटरपर्यंत ८ मजले व ३ इतकी दाटी नगरपालिकेला जास्त दाटीचे कारण देऊन नाकारता येईनाशी झाली. सुधारणेच्या दृष्टीने हे पाऊल मोठे आहे. परंतु त्याचा एक उलटा परिणाम सामायिक मोटारीवर होतो. सक्तीच नाही, तेव्हा तिच्यातून सूट देऊन गाडी मागून घेण्याचे नगरपालिकेचे साधनही गेले. विकासक आता गाडी देईल तो ग्राहकाला ती हवी असेल म्हणून, किंवा वाहतूक व्यवस्थापनाच्या वेगळ्या अटी घातल्या असतील म्हणून.

सामायिक मोटारीमुळे खाजगी मोटारी खरोखर कमी होतात का, यावरील सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास एलियट मार्टिन आणि सुझन शाहीन यांचा आहे. उत्तर अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक सभासद-कुटुंबांच्या २००८ मधील पाहणीत दर कुटुंबामागील मोटारींची सरासरी ०.४७ वरून ०.२४ वर आलेली आढळली. विकलेल्या आणि घेण्याचे टाळलेल्या गाड्या धरून एक सामायिक मोटार ९ ते १३ गाड्यांची जागा घेते असा निष्कर्ष त्यातून निघाला. हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. सभासद होण्यापूर्वीच या कुटुंबांपैकी पुष्कळांकडे मोटार नव्हती, हे ०.४७ या आकड्यातच दिसते. म्हणजे दोन गाड्यांच्या उपनगरी कुटुंबाला तोच निष्कर्ष लावता येत नाही. दुसरे, ‘घेण्याचे टाळले’ हे उत्तर सभासदाच्या स्वतःच्या अंदाजावर अवलंबून आहे. उपनगरातील वास्तव परिणाम बहुधा पहिली गाडी जाणे असा नसून दुसरी गाडी न घेणे असा असतो, आणि तोही स्थानकाच्या आसपासच.

या वाढीची किंमत सर्वांनी सारखी मोजलेली नाही. मेट्रोटाउनभोवती १९६०-७० च्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजली, उद्वाहन नसलेल्या भाड्याच्या इमारती होत्या, आणि तेथील भाडेकरू कमी उत्पन्नाचे, पुष्कळसे स्थलांतरित होते. उंच इमारतींसाठी त्या पाडल्या गेल्या तेव्हा हे लोक स्थानकापासून दूर फेकले गेले. २०१८ च्या निवडणुकीत बर्नबीचे दीर्घकाळ महापौर असलेले डेरेक कॉरिगन यांचा माइक हर्ली यांनी पराभव केला, त्यात हा प्रश्न प्रमुख होता. त्यानंतर नगरपालिकेने भाडेकरूंना नव्या इमारतीत जुन्या भाड्याच्या जवळपास जागा देण्याचे धोरण आणले. ज्यांच्याकडे आधीच मोटार नव्हती त्यांना हलवून, मोटार परवडत असूनही ती न घेणाऱ्यांसाठी दाट वस्ती बांधली गेली, हा आक्षेप त्यामुळे पूर्णपणे पुसला गेलेला नाही.

मुंबई आणि पुणे परिसरात दाटी, मिश्र वापर आणि लोकल गाड्या किंवा मेट्रो आहेत, पण पार्किंगचे धोरण उलट दिशेने चालत आले. मुंबईत सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकाला जादा चटई क्षेत्र देण्याची तरतूद झाली. म्हणजे मेट्रो व्हँकुव्हरमध्ये पार्किंग कमी करण्यासाठी विकासकाला सवलत दिली गेली, तर येथे ते वाढवण्यासाठी बक्षीस मिळाले. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्टिल्टखालील, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालील, पार्किंग हा सामाईक भाग असून विकासकाला तो वेगळा विकता येणार नाही असा निर्णय दिला. ग्राहकाच्या हिताचा असला तरी या निर्णयाने पार्किंगची किंमत सदनिकेपासून सुटी करून दाखवण्याची एक वाट बंद झाली. पगारी चालक आणि अ‍ॅपवरची टॅक्सी तुलनेने स्वस्त असल्यामुळे स्वतः चालवण्याच्या सामायिक मोटारीची निकडही येथे कमी भासते. बंगळूरुत २०१३ मध्ये सुरू झालेली झूमकार ही स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्यांची सेवा महाराष्ट्रातही आली, पण ती मुख्यतः सहलीसाठी एक-दोन दिवसांच्या भाड्याने वापरली गेली, संकुलातील रोजच्या सोयीसाठी नव्हे. शिवाय पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी पैसे घेऊन दुसऱ्याला देता येत नाही. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे आणि स्वतंत्र परवाना लागतो. त्या परवान्यासाठी १९८९ च्या केंद्रीय योजनेत किमान ५० मोटारी बाळगण्याची अट घातलेली आहे, त्यामुळे व्हँकुव्हरमध्ये २ गाड्यांवर सुरू झाली तशी सहकारी संस्था ठाण्याच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या गृहसंकुलाला या योजनेखाली काढता येत नाही.